दरडोई भार

यासीननं पहार घालून गटाराच्या चेंबरचं झाकण उचकटलं तेव्हा खाली तीन नळ येत होते आणि एक जात होता. येणाऱ्यांपैकी दोन सहा इंची, सिमेंटचे, जुने. तिसरा चार इंची, पीव्हीसीचा, नवा. जाणाऱ्या नळाच्या तोंडाशी विमा कंपनीची स्टीलची पेटी बसवलेली होती. पेटीला दोन सीलं, दोन्ही शाबूत. कडेला एक तुटकी चप्पल आणि एक प्लास्टिकची बाटली अडकली होती. त्यांचा मोजणीशी काही संबंध नव्हता, तरी केतकीनं त्याही टिपून घेतल्या.

"नकाशावर दोनच नळ आहेत," ती म्हणाली.

"नकाशा काढला तवा दोनच असतील," यासीन म्हणाला. तो कारखान्याचा फिटर. पाण्यापासून विजेपर्यंत सगळं तोच जोडायचा. "तिसरा मीच जोडलाय, गेल्या गणपतीत. कोअर शॉपच्या बायकांच्या संडासाचा. त्यांचा शोषखड्डा तुंबला होता. अण्णा म्हणाले, जोड ह्यालाच."

केतकी मगदूम चोवीस वर्षांची होती. विद्यापीठातून रसायनशास्त्राची एम.एस्सी. करून ती शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत, भूपालअण्णा चौगुल्यांच्या फाउंड्रीत लॅबला लागली होती. वितळलेल्या लोखंडातला कार्बन मोजायचा, साच्याच्या वाळूतला ओलावा मोजायचा, हे तिचं काम. गटार मोजणं त्यात बसत नव्हतं. पण कामगारांच्या आरोग्य विम्याचा हप्ता आता गटारावरच ठरत होता, आणि फाउंड्रीत मोजमाप कळणारी ती एकटीच होती.

मनगटावरच्या पट्ट्यांतून कामगारांवर पाळत ठेवायला कायद्यानं बंदी घातली, तेव्हा विमा कंपन्या गटारात उतरल्या. कल्पना साधी होती. शरीरात बिघाड सुरू झाला की त्याची चाहूल लघवीत लागते, रक्ताच्या तपासणीच्या कितीतरी आधी. मूत्रपिंडाचंच घ्या. त्यात बारीक नळ्यांचं जाळं असतं. माणूस उन्हात किंवा भट्टीच्या धगीत तासन्‌तास राबला आणि पुरेसं पाणी प्याला नाही, तर त्या नळ्यांचं अस्तर दुखावतं आणि त्यातून एक ठरावीक प्रथिन लघवीत उतरतं. पाणी आणि विश्रांती मिळाली की अस्तर भरून येतं. रोज तेच होत राहिलं, तर तिथं व्रण होतो, आणि व्रण झालेली नळी पुन्हा काम करत नाही. रक्तात हे दिसेपर्यंत अर्धंअधिक मूत्रपिंड गेलेलं असतं.

पेटीतल्या चकतीवर हे प्रथिन पकडणारे रेणू बसवलेले होते. पेटी दर तासाला सांडपाण्याचा घोट घ्यायची आणि प्रथिन किती आलं ते मोजायची. लघवी एकूण किती आली, हेही तिला क्रिएटिनिनवरून कळायचं. ते स्नायूंच्या झिजेतून रोज जवळजवळ ठरलेल्या प्रमाणात बाहेर पडतं. दिवसभराच्या प्रथिनाला विम्याच्या पटावरच्या माणसांच्या संख्येनं भागलं की जो आकडा यायचा, तो दरडोई भार. सव्वापर्यंत हिरवा, त्यापुढं तांबडा. आकड्याशेजारी पेटी संभाव्य चूकही दाखवायची, पण हप्ता नुसत्या आकड्यावर ठरायचा. कोण आजारी आहे हे पेटीला कळत नव्हतं आणि कळू द्यायला कायद्याची परवानगीही नव्हती. कामगारांनी मात्र तिचं नाव चित्रगुप्त ठेवलं होतं.

गेल्या वर्षी चित्रगुप्तानं शून्य पूर्णांक ब्याण्णव शतांश दाखवले होते. यंदा दोन पूर्णांक चाळीस.

आकडा फळ्यावर लागल्यापासून कारखान्यात जो तो वैद्य झाला होता. कुणी तांबडा रस्सा सोडला, कुणी बार्लीचं पाणी डब्यातून आणायला लागलं. चार-पाच जणांनी तर कारखान्याचा संडासच टाकला आणि कुंपणामागच्या उसाचा रस्ता धरला. त्यानं आकडा तसूभरही हलला नाही, फक्त ऊसवाला भांडायला आला. अण्णांनी मग एका शनिवारी सगळ्यांना स्वच्छ सांगितलं. तांबड्याचा हप्ता साठ टक्क्यांनी चढतो, तेवढा त्यांना झेपणार नाही. एप्रिलच्या नूतनीकरणात कामगार, बायको आणि मुलं राहतील. आईवडिलांचं कलम निघेल.

केतकीच्या आईच्या हृदयाची झडप बदलायची होती. डॉक्टरांनी एप्रिलचा दुसरा आठवडा दिला होता, तो ह्याच विम्याच्या भरवशावर. सरकारी योजनेच्या यादीतही नाव होतं, पण नंबर कधी लागेल ते कुणी सांगत नव्हतं. आई आता जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितल्यासारखं करायची.

चेंबर उघडायची कल्पना केतकीला पेटीच्याच एका बारक्या ओळीवरून सुचली होती. सांडपाण्यातल्या पेशींवरून पेटी वेगवेगळी माणसं किती, याचाही अंदाज बांधायची. तो केवळ माहितीसाठी असायचा. हप्त्याच्या गणितात तो धरत नसत. पटावर बावन्न माणसं होती. पेटीचा अंदाज एकोणऐंशी ते सत्त्याऐंशी होता. कोअर शॉपमध्ये ठेकेदाराच्या एकतीस बायका काम करत होत्या. बावन्न आणि एकतीस मिळून त्र्याऐंशी होतात.

*

लोखंडाचा भाग आतून पोकळ हवा असेल, तर त्या पोकळीच्या आकाराची वाळूची कांडी साच्यात बसवावी लागते. ती म्हणजे कोअर. कोअर शॉपमध्ये राळ लावलेली वाळू तापलेल्या पेटाऱ्यात भाजून बायका कोअर काढत. पैसे नगावर मिळत. केतकी तिथं गेली तेव्हा पत्र्याखाली अंगातून वाफ निघावी अशी धग होती आणि फेब्रुवारी अजून संपायचा होता.

शालन कुरणे त्या बायकांमध्ये सगळ्यात जुनी. केतकीनं तिला विचारलं, "आक्का, दिवसभरात पाणी किती पिता?"

"सकाळी च्या पिऊन येतो की."

"इथं आल्यावर?"

शालननं पेटारा उघडला, कोअर काढला, फडक्यानं पुसला आणि मगच उत्तर दिलं. "हितं पाणी प्यालं की उठाय लागतंय. उठलं की पेटारा गार पडतोय. परत तापस्तवर चार नग गेलं. शिवाय संडासाची किल्ली ऑफिसात. सगळ्या बापयांच्या देखत मागाय जायाची. त्यापरीस सुट्टी झाली की एकदाच." मग तिनं शेजारणीकडं बघून डोळे मिचकावले. "तुमच्या चित्रगुप्ताला सांगा, आमी दिसाला एकदाच पाप करतो."

बायका हसल्या. केतकीही हसली, पण तिच्या डोळ्यांसमोर पेटीचा तासातासाचा आलेख होता. दिवसभर जवळजवळ सपाट रेघ आणि पाळी सुटल्यावर एकदम उभा सुळका. तो सुळका काय आहे, हे तिला आत्तापर्यंत कळलं नव्हतं.

हातापायाला गोळे येतात का, पाय सुजतात का, असं तिनं आडून आडून विचारलं. येतात की, शालन म्हणाली, वयच झालंय. शालन एक्केचाळीस वर्षांची होती. तिच्यापलीकडच्या पेटाऱ्यावरची मुलगी तेवीसची, तिच्याही पायाला गोळे येत होते.

*

अण्णांना तिनं सगळं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. साठीतला, पांढऱ्या टोपीतला माणूस. बापानं गुळाच्या व्यापारातून काढलेली फाउंड्री त्यानं तीन मंदींतून तगवली होती.

"म्हणजे आपल्या माणसांचं काहीच न्हाई," ते म्हणाले. "मला वाटलंच होतं. आपली माणसं धडधाकट आहेत. ही भर ठेक्याच्या माणसांची."

मार्ग त्यांच्या दृष्टीनं सरळ होता. टँकर बोलवायचा, जुना शोषखड्डा उपसायचा आणि यासीनला सांगून तिसरा नळ तोडायचा. हप्ता मार्चच्या शेवटच्या पंधरवड्याच्या सरासरीवर ठरतो. तोवर गटार स्वच्छ होईल. विमा कंपनीला लॅबच्या सहीनं एक ओळ कळवावी लागेल, की या गटारात फक्त विम्यातल्या माणसांचं सांडपाणी येतं. सही केतकीची.

"त्यात खोटं काय आहे?" अण्णांनी विचारलं.

खोटं काहीच नव्हतं. नळ तोडल्यावर ते वाक्य अक्षरशः खरं ठरणार होतं, आणि त्याचाच केतकीला त्रास होत होता. तिनं एक दिवस मागून घेतला.

घरी आई ब्लाउजला हुक लावत बसली होती. शिलाई मशीन डॉक्टरांनी बंद करायला लावल्यापासून ती शेजारपाजारची हातशिलाई करायची. केतकीनं समोर बसून सगळं सांगितलं. तिच्या मनात आलेली दुसरी वाटही सांगितली. नळ तोडायचा नाही. बायकांना पाणी, सावली आणि उठायची मोकळीक द्यायची आणि त्यांना विम्याच्या पटावर घ्यायला अण्णांना लावायचं. पटावर त्र्याऐंशी माणसं आली, तर तोच भार त्र्याऐंशींत वाटला जाऊन दीडवर येतो. दीडचा सव्वा करायला बायकांची तब्येत खरोखर सुधारायला हवी. सुधारली तर सगळेच वाचतात. नाही सुधारली, तर आकडा तांबडा राहतो आणि आईवडिलांचं कलम जातं.

"तू मला विचारतेस म्हणजे मी हो म्हणावं असं तुला वाटतंय," आई म्हणाली. "नको म्हणायचं असतं तर तूच सही करून आली असतीस."

"तसं नाही गं."

"तसंच आहे. तुझे वडीलही असेच विचारायचे, सगळं ठरवून झाल्यावर." तिनं दोरा दातानं तोडला. मग म्हणाली, "मला भीती वाटते, केतू. श्वास लागतो तेव्हा फार भीती वाटते. हे तुला माहीत असू दे, मग काय करायचं ते कर." आणि ब्लाउजची घडी घालता घालता तिनं विचारलं, त्या शालनला मुलं किती.

दोन, केतकी म्हणाली.

"दादाला तू सांगायचं. मी नाही सांगणार."

दादा पुण्याला होता. त्यानं फोनवर पूर्ण ऐकून घेतलं, हीच त्याच्या रागाची खूण. चांगलं काम करायला त्याचा विरोध नव्हता. तिनं त्या बायकांसाठी आंदोलन करावं, वर्गणी काढावी, तो स्वतः पैसे पाठवेल. पण एप्रिलनंतर. "प्रयोग लॅबमध्ये ठेव," तो म्हणाला. "आई म्हणजे वाळूचा नमुना नाही." त्यानंतर त्यानं तिचे फोन उचलले नाहीत.

*

अण्णांसमोर दुसऱ्या दिवशी तिनं मूत्रपिंडाचा विषय काढलाच नाही. तिनं रिजेक्शनचा, म्हणजे वाया जाणाऱ्या मालाचा, काढला. फाउंड्रीवाल्यापुढं दुसरं काही चालत नाही, हे तिला दोन वर्षांत कळलं होतं. फुटलेल्या कोअरमुळं जे भाग भंगारात जातात, त्यांचे कोअर पाळीच्या कुठल्या भागात काढलेले होते, हे तिनं लॅबच्या नोंदींवरून जुळवलं होतं. सुरुवातीच्या तासांतले शंभरात तीन फुटत होते, शेवटच्या दोन तासांतले शंभरात दहा. शरीरातलं पाणी आटलं की हात थरथरतात, डोकं चालत नाही. वाळू तीच, राळ तीच, बाई मात्र संध्याकाळपर्यंत तीच राहत नाही.

बायकांना आईवडिलांचं कलम नाही, कुटुंब नाही, नुसतं एकटीला विम्यात घेतलं, तर हप्ता पंधरा टक्के वाढत होता. फुटणारे कोअर निम्मे झाले तरी तो भरून निघत होता.

अण्णांनी आकडे दोनदा स्वतः करून बघितले. "आणि चित्रगुप्त खाली येईल?"

"येईल असं मला वाटतं. खात्री नाही."

"लॅबला खात्री नसली तर मी लोखंड ओतत न्हाई, पोरी."

"माहीत आहे. पण नळ तोडला तर तो आजार जाणार नाही, अण्णा. तो फक्त खड्ड्यात जाईल. आणि आता तो आहे, हे तुम्हालाही माहीत झालंय."

अण्णांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. ज्यांचे आईबाप पणाला लागणार आहेत त्यांना तू सांग, ते म्हणाले. मी सांगणार न्हाई.

तिनं चहाच्या सुट्टीत भट्टीपाशी सांगितलं. भट्टीवरच्या बंडा मिस्त्रीचा बाप ऐंशीचा होता, महिन्यातून दोनदा दवाखान्यात जाणारा. बंडा म्हणाला, बायकांनी पाणी प्यावं, घागरीनं प्यावं, पण ते माझ्या म्हाताऱ्याच्या जिवावर का? माझी आईही त्यातच आहे, एवढंच केतकी म्हणाली. यासीन म्हणाला, नळ मी जोडलाय, मी तोडणार न्हाई. त्याची विधवा भावजय कोअर शॉपमध्ये होती. बंडानं त्याला सुनावलं, तुझं आईबाप कवाच वर गेलेत, तुझं काय जातंय. ते खरं होतं. आठ जणांनी नको म्हणून सांगितलं. बाकीचे खाली बघत चहा पीत राहिले. अण्णांनी गप्प बसणं म्हणजे हो धरलं आणि टँकरवाल्याला सांगून ठेवलं, पंधरा दिवसांनी बोलावीन, तयार राहा.

*

किल्लीचा प्रश्न यासीननं कुलूपच काढून टाकून सोडवला. कोअर शॉपच्या दारात माठ आले, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी आलं. उत्तरेच्या भिंतीतला पत्रा कापून धग ओढून घेणारा पंखा बसला. अडलं ते नगावर. उठलं की पैसे जातात, हे असेपर्यंत माठाला कुणी हात लावणार नव्हतं. केतकीनं सुचवलं, की पाच जणींचा गट करावा, नग गटाचे मोजावेत आणि एक उठली की दुसरीनं तिचा पेटारा चालू ठेवावा.

शालन भडकली. तिचा हात सगळ्यांत चालता, तिला सगळ्यांपेक्षा जास्त मिळायचं. आळशी बायांसाठी मी का राबू, असं तिनं केतकीला सगळ्यांसमोर विचारलं, आणि एक आठवडाभर ती आपल्या पेटाऱ्यावर एकटीच बसली. तिला गटात आणलं तेवीस वर्षांच्या त्या मुलीनं. शालन पाणी प्यायला म्हणून क्षणभर वळली, तेव्हा पोरीनं तिचा पेटारा चालवून निघालेला नग तिच्याच ढिगावर ठेवला. शालन म्हणाली, "बरा काढलायस गं," आणि दुसऱ्या दिवशी गटात येऊन बसली. वर हेही सांगितलं, की गटात आलीय ती शिकवायला आलीय, कुणी लाडात येऊ नये.

दोन आठवड्यांनी चित्रगुप्ताचा आकडा आला. त्र्याऐंशींनी भागला तरी एक पूर्णांक पासष्ट. दीडावरून खाली यायचा तो वर गेला होता.

बातमी केतकीच्या आधी भट्टीवर पोचली. ती अण्णांच्या खोलीकडं निघाली तेव्हा बंडा मिस्त्रीनं तिच्याकडं बघितलंही नाही. फाटकात टँकर उभा होता. आज खड्डा उपसायला घेतला नाही, तर शेवटच्या पंधरवड्याआधी नळ वेगळा होणार नव्हता. म्हणजे ठरवायचं ते आत्ताच.

तिनं अण्णांपुढं दोन आलेख ठेवले, आधीचा आणि आताचा. आधीच्यात पाळी सुटल्यावरचा सुळका होता. आताच्यात सुळका नव्हता. दिवसभर छोट्या छोट्या टेकड्या होत्या.

"लघवी वाढली, म्हणून प्रथिनाची एकूण बेरीज वाढली," ती म्हणाली. "पण हा क्रिएटिनिनचा आकडा बघा. तेवढ्याच लघवीमागं प्रथिन एक तृतीयांशानं उतरलंय."

"लघवी वाढली कशी? माणसं तेवढीच की."

"आधी त्या फक्त सुटताना जायच्या, बाकीचं सगळं घरी. निम्मा आजार त्या रोज घरी घेऊन जात होत्या, अण्णा. तो चित्रगुप्ताला कधी दिसलाच नव्हता."

अण्णांनी आलेख जवळ ओढला. "म्हणजे आधीचा आकडा होता त्यापेक्षा खरं दुखणं मोठं."

"हो."

"आणि आता उतरतंय."

"उतरतंय. पंधरा दिवसांत पुरेसं उतरेल का, ते सांगता येत नाही. मार्च आहे, ऊन चढणार."

बाहेर टँकरवाल्यानं भोंगा वाजवला. अण्णा खिडकीपाशी गेले. त्यांनी पाठमोऱ्यानंच विचारलं, "काय करू? परत पाठवू?"

सकाळी ती निघाली तेव्हा आई दोन उशा पाठीशी घेऊन बसली होती. आडवं झालं की तिचा श्वास अडकायला लागला होता. केतकीला ते आठवलं. तिनं आलेखाकडं परत एकदा बघितलं, घाईघाईत काही चुकीचं वाचलं नाही ना, म्हणून. चुकीचं काही नव्हतं.

"पाठवा," ती म्हणाली.

*

शेवटचा पंधरवडा पेटीचा पडदा कुलूपबंद असायचा. कुणी मध्येच काही बदल करू नयेत, म्हणून. केतकीजवळ मोजायला काही उरलं नाही. पारा चाळिशीवर गेला. तिनं पत्र्यावर गोणपाट टाकून त्यावर पाणी मारायला लावलं, दुपारची विश्रांती वाढवून घेतली, आणि कोण पाणी पीत नाही हे बघत कोअर शॉपमध्ये इतक्या फेऱ्या मारल्या, की शालननं तिला सासू म्हणायला सुरुवात केली. "आली बघा सासू. प्या गं बायांनो, न्हाईतर संध्याकाळी जेवाय घालायची न्हाई."

शेवटच्या तासांतले फुटलेले कोअर शंभरात चारवर आले. अण्णांनी तो आकडा ऐकला, मान हलवली आणि चित्रगुप्ताचं नाव काढलं नाही. दादाचा फोन एकदा आला, तो आईशी बोलला आणि ठेवला. आई दिवसातून दोनदा गॅलरीपर्यंत चालायची. रुग्णालयातून तारीख पक्की करायला विचारणा आली. केतकीनं एक एप्रिलपर्यंत थांबायची विनंती केली.

मार्चच्या शेवटच्या दिवशी विमा कंपनीचा अभियंता आला. देवस्थळी नावाचा, केतकीच्याच वयाचा मुलगा. हातमोजे, मुखपट्टी, पाठीवर पिशवी. नियम असा होता की पेटी उघडण्याआधी मालकानं पटावरची नावं पक्की करून द्यायची. एकदा आकडा दिसल्यावर माणसं घालता-काढता यायची नाहीत. बावन्न नावं त्याच्याकडं होतीच. आणखी कुणी आहे का, असं त्यानं रिवाज म्हणून विचारलं.

अण्णांनी कागद मागवला आणि स्वतः लिहायला बसले. पाच-सहा नावांनंतर ते थांबले.

"शालनचं आडनाव काय गं?"

"कुरणे."

"आणि ती बारकी पोर, तिच्या शेजारची?"

"रेश्मा. रेश्मा सुतार."

असं ते एकेक नाव विचारत गेले. बहुतेक सगळी आडनावं केतकीलाच सांगावी लागली, तीन-चार यासीननं सांगितली, आणि दोघींची कुणालाच माहीत नव्हती म्हणून त्यांना बोलावून आणावं लागलं. बोलवायला गेलेल्याच्या मागोमाग सगळा कोअर शॉप बाहेर आला. शेवटी अण्णांनी सही केली, तारीख घातली आणि कागद देवस्थळीच्या हातात दिला. ठेकेदाराशी काय ते मी बघतो, असं ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले.

यासीननं झाकण उचललं. भट्टीवरचे कामगारही आता येऊन उभे राहिले होते. बंडा मिस्त्री मागं, हाताची घडी घालून. देवस्थळी शिडीनं खाली उतरला, सीलं तपासली, कापली, पेटीला तार जोडली आणि टॅबलेटवर पट भरला. आकडेमोडीला थोडा वेळ लागला. हिरव्यासाठी आकडा सव्वाच्या, म्हणजे एक पूर्णांक पंचवीस शतांशांच्या आत यायला हवा होता. केतकी चेंबरच्या काठाशी गुडघ्यांवर बसून खाली वाकली होती. शालननं मागून तिची ओढणी धरून ठेवली, पोरगी आत पडू नये म्हणून.

देवस्थळीनं पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवलं. पटावरची माणसं त्र्याऐंशी. दरडोई भार एक पूर्णांक बावीस शतांश. संभाव्य चूक तीन शतांश, दोन्ही बाजूंना.